दहा फेरे जादा

अनसे,

लोक अजून भेटायला येतात. सतरंजीवर टेकतात, चहा नको नको म्हणत घेतात, आणि उठताना म्हणतात, "सुटली बिचारी. शंकररावानं पाठच्या भनीला पोटच्या लेकीवानी सांभाळलं." मी मान खाली घालून ऐकतो. तुझी वहिनी आत चुलीपुढं बसून हे सगळं ऐकते आणि बाहेर येत नाही. शेवटी शेवटी तू माझ्याशी बोलत नव्हतीस, हे तिला ठाऊक आहे. बाकीच्यांना वाटलं, आजारी माणूस, बोलवत नसेल.

तुझं पोटातलं दुखणं, पुण्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते लिहीत नाही. ते तुला माझ्याआधीच कळलं होतं. मला दुसरं लिहायचं आहे. तुझ्यासमोर बसून सांगितलं तेव्हा धड सांगता आलं नाही. मधेच मला रडू फुटलं, तर तू म्हणालीस, "रडू नगं, आधी सांग." तेव्हा राहिलं ते आता पहिल्यापासून सांगतो.

कुरवंड्याहून आमच्याकडं आलीस तेव्हा तू सतरा वर्षांची. लहानपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेलं होतं, पाऊल आत वळलं ते वळलंच. स्थळं यायची आणि पाय बघून परत जायची. आई म्हणाली, "हिला तुज्याकडं लोनावळ्याला ने. हितं रोज लोकं विचारत्यात." मी रेल्वेच्या शेडमध्ये फिटर, चाळीत दोन खोल्या. आलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी तू जात्यावर बसलीस आणि गायला लागलीस. शेजारच्या खोलीतला हसन मास्तर राखुंडीनं दात घासत दारात उभा होता. तुझं दळण संपेपर्यंत त्याचं बोट तोंडातच राहिलं.

मास्तर बाजारात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा आणि चार घरच्या मुलांना गाणं शिकवायचा. त्याच संध्याकाळी तो माझ्याकडं आला. "शंकर, ही पोर माज्याकडं बसू दे. वाया घालवू नगंस."

आईला कळलं तेव्हा ती कुरवंड्याहून चालत आली. बाईमाणसानं पेटीवर गायचं म्हणजे काय, पाय गेला तो गेला, आता नाव बी घालवा, असं दारातच बोलली. मी तिच्याशी भांडलो. माझ्या हातून जे काही बरं झालं त्यात हे एक धरतो. फार काही नाही धरण्यासारखं, म्हणून हे सांगितलं.

दोन वर्षं मास्तरनं तुला घोटलं. पेटीवरचं काळी तीनचं पट्टं त्याच्या बोटानं झिजलं. "ह्याच्या वर जायचं न्हाई," तो म्हणायचा. "गळा कवळा हाय. वर न्यायचं ते मी सांगंन तवा." तू कुरकुरायचीस. तुला सगळं लगेच हवं असायचं. जिना चढतानाही तू दुखऱ्या पायानं दोन दोन पायऱ्या घ्यायचीस.

मग मी फोनो आणला.

खंडाळ्याच्या एका बंगल्यात पाण्याचा पंप बसवायला गेलो होतो. अडगळीत एक ग्रामोफोन पडला होता. चावी दिली की भन्नाट पळायचा. बंगल्याचे दिवाणजी म्हणाले, जमत असेल तर घेऊन जा. त्याच्यासोबत चार तबकड्या मिळाल्या, त्यातल्या तीन तडकलेल्या. मी डोक्यावरून सगळं चाळीत आणलं. तीन दिवस तू माझ्यासमोर मांडी घालून बसलीस. आत वेग आवरायला तीन शिशाचे गोळे असतात, पातळ पोलादी पट्ट्यांवर बसवलेले. एक पट्टी तुटली होती. मी शेडमधल्या एका जुन्या स्प्रिंगची पट्टी कापून तिथं बसवली. ती जरा जाड होती. जाड पट्टीनं यंत्र जोरात पळतं, हे मला फिटर असून तेव्हा सुचलं नाही. वेगाचा काटा होता, पण त्याखालचे आकडे घासून गेले होते. मी काटा मागंपुढं केला आणि आवाज जिथं तेजदार वाटला तिथं ठेवला. तू टाळी वाजवलीस. "बास दादा, हितंच र्‍हाऊ दे."

धड राहिलेल्या तबकडीवर यमन होता. गाणं संपलं की ती बाई स्वतःचं नाव सांगायची, तेव्हा तशी रीतच होती. तू ते नावसुद्धा तिच्यासारखं म्हणून दाखवायचीस आणि चाळीतल्या बाया हसायच्या.

तू त्या यंत्रावर जशी शिकलीस तसं कुणी शिकताना मी पाहिलं नाही. एक ओळ झाली की सुई उचलायची, ती ओळ दहादा म्हणायची, पुन्हा सुई ठेवायची. अंतरा कुठं सुरू होतो तिथं तबकडीवर चुन्याचा बारीक ठिपका दिलास. लोखंडी सुईनं तबकडी झिजते असं कुणी सांगितलं, तर कुरवंड्याच्या बांधावरून बाभळीचे काटे आणवलेस आणि ब्लेडनं तासून सुईच्या जागी बसवलेस. मास्तर सांगून कंटाळायचा, रागवायचा. यंत्र रागवत नव्हतं. "शंभरदा मागितलं तर शंभरदा गातं ह्ये," तू म्हणायचीस. ते खरंच होतं. आणि दार लावून घेतलं की आईचं, गावाचं, कुणाचं काही चालत नव्हतं. ते चार महिने तू जेवढी आनंदात होतीस तेवढी मी तुला त्याआधी पाहिली नव्हती, नंतर तर नाहीच. त्या आनंदासाठी मी त्या यंत्राचे उपकार मानतो. अजूनही मानतो. म्हणूनच हे सगळं इतकं अवघड आहे.

मास्तरला फोनो आवडला नव्हता. "ह्ये गातं, पर ऐकत न्हाई," तो म्हणायचा. "मी गातो तवा तुजं ऐकत बी असतो. तू दमलीस का, चुकलीस का, मला कळतं. ह्याला काय कळतं?" ते मला म्हातारपणाचं कुरकुरणं वाटायचं. एका दुपारी त्यानं तबकडी लावायला सांगितली आणि पेटीवर सूर शोधला. काळी पाच निघाला, तुझ्या सुरापेक्षा दोन पट्ट्या वर. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही बाई काळी पाचात गाती? न्हाई रं. मी हिला पुण्याला बैठकीत ऐकलीया. हिचा आवाज एवढा बारीक न्हवता. कायतरी गडबड हाय ह्या यंत्रात."

माझ्या हातानं दुरुस्त केलेलं यंत्र. मला ते लागलं. मी म्हणालो, "मास्तर, यंत्र चुकत नसतं. तुमचे कान आता म्हातारे झाले."

तू पेटीचा भाता धरून बसली होतीस. तुझा हात थांबला. मास्तरनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला आणि उठला. पेटी मागं राहिली तर म्हणाला, "असू दे, तिला लागंल." त्यानंतर तो आपल्याकडं आला नाही. महिन्याभरानं खोली सोडून सोमाटण्याला लेकीकडं राहायला गेला.

"मास्तराला आसं बोलाय नगं व्हतं," तू त्या रात्री भाकरी वाढताना म्हणालीस. मी म्हणालो, "मग काय खोटं बोलला ते ऐकून घ्यायचं?" हे भांडण आपण पुढं वर्षभर अधूनमधून उकरत राहिलो. तू म्हणायचीस, जाऊन माफी माग. मी म्हणायचो, बघू.

मास्तर गेला आणि तू काळी पाचात गायला लागलीस. अडवणारं कुणी नव्हतं. त्याच सुमाराला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला बाई हवी आहे असं कळलं. तिथल्या मोठ्या बाई चाळीखालून जाताना तुझं गाणं ऐकून वर चढून आल्या. म्हणाल्या, बक्षीस समारंभाला सगळ्यांसमोर गा, मंडळींना ऐकू दे, मग जागेचं बघू. तू दोन महिने सकाळ-दुपार तबकडीवरच्या बाईच्या बरोबरीनं गायलीस. तीच उंची, तीच घाई. तिच्या ताना इतक्या पळत होत्या की तुझा श्वास पुरायचा नाही. "बाई श्वास घेती तरी कुटं रं दादा?" तू विचारायचीस. घसा बसायला लागला. वहिनी ज्येष्ठमध द्यायची, मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावायची. एके दिवशी तू थुंकलीस त्यात लाल धागा दिसला. तू पायानं माती लोटलीस आणि मला म्हणालीस, "आता थांबायचं न्हाई. पायामुळं सगळं गेलं, ह्ये तरी माजं हाय."

आणि मी यंत्राला पुन्हा चावी दिली.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या पेटीवाल्यानं विचारलं, "सूर?" तू म्हणालीस, "काळी पाच." त्यानं मान वर करून एकदा तुझ्याकडं बघितलं. तू सुरू केलंस. काय गायलीस, अनसे! पहिल्या रांगेतली मंडळी बोलत होती ती गप्प झाली. अंतरा पुरा झाला. शेवटच्या तानेला वर गेलीस आणि तुझा आवाज फाटला. कापड फाडल्यासारखा, सगळ्यांना ऐकू येईल असा. तू थांबलीस, पाणी प्यालीस, पुन्हा सूर लावलास, तर नुसता वारा आला. तिसऱ्यांदा तोंड उघडलंस आणि मिटलंस. मागच्या बाकावर दोन मुली हसल्या. मोठ्या बाईंनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगलं बोलल्या. ते तू ऐकलं नाहीस. तू माझ्यापुढं चालत घरी आलीस, इतक्या झपाझप की तुला गाठायला मला पळावं लागलं.

चार महिने तुला आवाज नव्हता. आला तो खरखरीत आला. तू एवढंच म्हणालीस, "माजा गळाच खोटा व्हता. उगा नाद केला." फोनोवर गोणपाट टाकलंस. गूळ-दाण्याच्या गुडदाणीच्या कारखान्यात शेंगदाणे निवडायला जायला लागलीस. जात्यावरसुद्धा पुन्हा गायली नाहीस. दळण मुकाट्यानं दळायचीस आणि मला तो जात्याचा नुसता आवाज सहन होत नसे.

दीड वर्षानं मी पुन्हा खंडाळ्याच्या त्या बंगल्यात गेलो. आतून त्याच बाईचा तोच यमन ऐकू आला, त्यांनी ती तबकडी नवी घेतली होती, पण खालच्या सुरात, सावकाश. मी दिवाणजींना म्हणालो, "तुमचं यंत्र मंद झालंय, बघून देतो." ते हसले. नव्या यंत्राच्या झाकणात कागद चिकटवला होता, तो त्यांनी मला वाचून दाखवला. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. "काल घड्याळानं मोजून लावलंय," ते म्हणाले.

घरी आलो. दुपारची वेळ, तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. मी गोणपाट काढलं, तबकडीखाली कागदाचा तुकडा खोचला आणि शेडचं घड्याळ हातात घेऊन मोजलं. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशी. दहा फेरे जादा. बाई काळी चारात गात होती, आपल्या यंत्रानं तिला काळी पाचात नेलं होतं. मास्तरचे कान म्हातारे झाले नव्हते.

"काय मोजतूस दादा?" तू बाहेरून विचारलंस.

"काही नाही. चावी किती पुरते ते बघतोय."

तू पुन्हा सुपात बघायला लागलीस. मी काटा खाली ओढून अठ्ठ्याहत्तरवर आणला आणि गोणपाट टाकलं. तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय? गळा का परत येनार हाय?" मला हेच ऐकायचं होतं. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी सहा वर्षं काढली. तू रोज समोर वावरत होतीस. माझे डबे भरलेस, मला विषमज्वर झाला तेव्हा तीन आठवडे उशाशी बसलीस. शेडमध्ये माझ्या हाताची दोन बोटं चिरडली तेव्हा महिनाभर मला घास भरवलेस. दर वेळी मला वाटायचं, आत्ता सांगावं. दर वेळी वाटायचं, आत्ता कशाला.

कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण या आजारपणात एका दुपारी तू अंथरुणातून माझा हात धरलास. "दादा, तू माज्यासाठी लय केलंस. आईशी भांडलास. यंत्र आनलंस. माज्यातच न्हवतं, त्याला तू काय करशील." ते उपकाराचं बोलणं मला सोसवलं नाही. मी सांगितलं.

तू विचारलंस, "किती जादा?"

"मिनिटाला दहा फेरे."

"म्हंजी किती सूर?"

"काळी चारचं काळी पाच."

तू गोधडीवर बोटं ठेवलीस, पेटीवर ठेवावीत तशी, आणि एक बोट पुढून मागं आणलंस. मग म्हणालीस, "म्हंजी मला जमत व्हतं." मी मान हलवली. "कवा कळलं तुला?" मी म्हणालो, "सहा वर्षं झाली." तू माझा हात सोडलास आणि भिंतीकडं तोंड केलंस.

दोन दिवस तू वहिनीच्या हातचं पाणी घेतलंस, माझ्या हातचं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "लाव." मी फोनो उशाशी आणला. काटा योग्य जागी होता. तू डोळे मिटून सगळं ऐकलंस. बाईनं शेवटी आपलं नाव सांगितलं, तर तो आवाज चाळिशीतल्या पोक्त बाईचा. "वयानं मोठी हाय की रं," तू म्हणालीस. "आन् श्वास बी घेती. ऐकू येतोय बघ." तुझ्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं आणि तू ते पुसत नव्हतीस.

मग तू माझ्याकडं बघून बोललीस. सावकाश, थांबत थांबत. "पट्टी जाड बसली, ती चूक. चूक मी पोटात घालीन. पर सा वर्सं? आवाज फाटला तरी आला व्हता दादा. खालच्या सुरात मी गायले आसते. मला कुनी सांगितलंच न्हाई, का खाली बी गानं आसतं." मी पाय धरायला वाकलो तर तू पाय ओढून घेतलास, तोच वळलेला. "माजं र्‍हाऊ दे. मास्तराला खोटं पाडलंस, त्याला जाऊन सांग. उद्या जा."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जादा पाळी लागली, लढाईमुळं गाड्या वाढल्यात. तिसऱ्या दिवशी रजा मागता आली असती. मागितली नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. रोज संध्याकाळी मी दारात आलो की तू माझ्याकडं बघायचीस. मी नजर चुकवून पाय धुवायला जायचो. तू विचारलं नाहीस. असे सहा दिवस गेले आणि सातव्या दिवशी सकाळी वहिनी पेज घेऊन आली तेव्हा तू गेली होतीस.

मला माफ केलंस की नाही, मला माहीत नाही. तू तसं काही म्हणाली नाहीस, आणि माझ्या समाधानासाठी तुझ्या तोंडी घालणार नाही.

परवा मी सोमाटण्याला गेलो. मास्तर अंगणात बाजेवर बसला होता, फार थकलाय. मला आवाजावरून ओळखलं. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग मी बाकीचं सांगितलं. जाड पट्टी, दहा फेरे, सहा वर्षं, सगळं. त्यानं मला मधे अडवलं नाही, शिवी दिली नाही. झालं तेव्हा त्यानं लेकीला हाक मारून आतून पेटी आणवली.

"कंच्या सुरात गायली ती, त्या शाळंत?"

"काळी पाच."

त्यानं भाता ओढला, ते पट्टं दाबलं आणि दाबूनच ठेवलं. सूर लांबवर गेला. कुंपणापलीकडं बैल धुणाऱ्या माणसानं वळून बघितलं.

"अंतरा गायली?"

"पुरा गायली, मास्तर. शेवटच्या तानेला फाटला."

"हितनं? अंतरा पुरा?" त्याचं बोट अजून पट्ट्यावर होतं. "दोन-अडीच वर्सांच्या तालमीवर? आन् ताना बी त्याच चालीनं, पळत्या?"

"हो."

त्यानं पेटी मिटली. "शंकर," तो म्हणाला, "माज्या हाताखालनं लय पोरं गेली. असलं एकाला बी जमलं नसतं. मला सुद्दा न्हाई."

मी उठलो, त्याच्या पाया पडलो आणि तळेगाव स्टेशनाची वाट धरली. गाडीला वेळ होता, तरी मी झपाझप चालत होतो. मास्तर काय म्हणाला ते तुला सांगायचं होतं. त्याच्याच शब्दांत सांगायचं, एकही इकडं-तिकडं होऊ द्यायचा नाही, म्हणून वाटेनं घोकत होतो. स्टेशनाची कौलं दिसेपर्यंत घोकत होतो. मग पाय उचलेना.

तुझा,
शंकरदादा